बांधावरचा वटवट्या

गोफणीतून सुटलेला दगड टेपरेकॉर्डरपासून हातभर अंतरावर आदळला. टेपरेकॉर्डरच्या दांडीवर बसलेला इवलासा वटवट्या भुर्रकन उसात घुसला आणि घाणेरीच्या झुडपामागे दबा धरून बसलेला केरबा दचकून उताणा झाला.

"हाऽऽ हुर्रऽऽ!" बाजरीतल्या माचावरून त्याची बायको मुक्ताबाई दुसरा दगड गोफणीत घालत ओरडली. "केवढं पाखरू म्हनायचं हे!"

"अगं, थांब! मी हाय!"

मुक्ताबाई माचावरून उतरून तरातरा बांधावर आली. वटवट्या किडे टिपतो, बाजरीच्या वाटेला जात नाही, हे तिला ठाऊक होते. पण शेळीएवढ्या मोठ्याने ओरडणारा वटवट्या तिने जन्मात ऐकला नव्हता. जवळ येताच तिने दोन्ही कानांवर पदर दाबला.

"बंद करा की त्ये! कान फुटत्यात."

केरबाने टेपरेकॉर्डरकडे पाहिले. आतली चाके फिरत होती. आवाजाचे बटण त्याने मघाच शेवटापर्यंत पिळले होते.

"चालू हाय व्हय?" त्याने विचारले.

मुक्ताबाईचा पदर कानांवरच राहिला. मग खाली वाकून, दोनतीन बटणे चुकवून, तिने यंत्र बंद केले.

"कवापास्नं?" तिने विचारले.

केरबाने अंगावरची माती झटकली. झटकण्यासारखी फार नव्हती, तरी झटकली.

"लढाईपास्नं. तोफंशेजारी हुतो न्हवं. बोलनं येतंय ऐकू, मोटार येती. बारीक आवाज तेवढं गेलं."

"पाच वर्सं! आनि मला सांगितलं न्हाई?"

"काय सांगू? सगळा गाव कानसेन म्हनतोय."

"मी काय गाव हाय व्हय?" मुक्ताबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याचा तिला आणखीच राग आला.

गाव कानसेन म्हणत होते ते उगाच नाही. पलटणीत जायच्या आधी केरबा वैरण कापता कापता, मान वर न करता, बांधावर कोण बोलले ते सांगायचा. उंब्रजच्या स्टँडसमोर फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या बाळासोला त्यानेच हा नाद लावला. आता बाळासोने या बांधावर वटवट्याचे दोन फोटो काढले होते आणि टेपच्या दोन बाजूंना दोन आवाज धरले होते. केरबा पूर्वीपासून सांगायचा की या बांधावर दोन जातींचे वटवटे आहेत, उसातला साधा आणि माळाकडचा रान वटवट्या. पण फोटो पडले काळे-पांढरे. त्यांत दोन्ही पक्षी सारखेच करडे, दोघांच्याही शेपट्या लांब. त्यात गाणारा पाल्याच्या आत आणि समोर येऊन बसणारा मुका, त्यामुळे कुठला आवाज कुठल्या फोटोचा, हे बाळासोलाही सांगता येईना.

सांगलीला पक्ष्यांच्या फोटोंचे प्रदर्शन भरायचे होते. ते भरवणारे जुने वकील लालासाहेब यांनी फोटो पाहून निकाल दिला होता, की पक्षी एकच आहे, त्यातला एकच फोटो लावू. बाळासो इरेला पेटला. आमच्या केरबाच्या कानांच्या जोरावर माझे दोन्ही फोटो लागणार, असे सांगून त्याने लालासाहेबांना रविवारी बांधावर बोलावले आणि आवाज आधी ऐकून ठेवायला केरबाला टेपरेकॉर्डर आणून दिला. रविवार दुसऱ्या दिवशीच होता. त्या दिवशी केरबाचे कान सगळ्यांसमोर उघडे पडणार होते. बाळासोचे हसे होणार होते ते वेगळेच.

"लावा परत," मुक्ताबाई बांधावर बसकण मारत म्हणाली. "आवाज बारीक करा. मी ऐकून सांगती."

पहिली बाजू लागली. "ही नुसती किरकिर हाय. बारीक. रातकिड्यावानी."

केरबाने टेप उलटली. ही बाजू त्यालाही पुसटशी आली, भिंतीपलीकडून आल्यासारखी.

"ही मोठी हाय," मुक्ताबाई म्हणाली. "धाकल्या जाऊबाई भांडाया लागल्यावानी."

"पैला साधा, दुसरा रान," केरबा लगेच म्हणाला. आवाज गेले होते, पण त्यांची आठवण जाग्यावर होती. दगड पडायच्या आधी दांडीवर बसलेला तो वटवट्या त्याच्या डोळ्यांपुढे आला. चोच उघडी, शेपूट ताठ, मान इकडून तिकडे.

"त्यो भांडाया आला हुता," केरबा म्हणाला.

"कोन?"

"वटवट्या! त्याला वाटलं, दुसरा गडी त्याच्या रानात शिरला. आपला बांध कोरून कुनी रान ढापलं तर मानूस गप बसतंय का? त्याच्या जातीचा आवाज आला म्हनून त्यो धावला." त्याने मुक्ताबाईचा दंड धरून हलवला. "मला ऐकू येत न्हाई, पर त्याला येतंय की गं!"

रविवारी सकाळच्या एस.टी.ने लालासाहेब आले. हातात काठी, गळ्यात दुर्बीण आणि काखेत पुठ्ठ्यात बांधलेले दोन्ही फोटो. बाळासो नव्या शर्टात होता. लग्न त्याचेच असावे, असा त्याचा थाट.

"मीही चाळीस वर्षं पक्षी पाहतोय, केरबा," लालासाहेब सौम्यपणे म्हणाले. "सगळीकडे एकच आवाज ऐकला. तुम्ही दोन म्हणता, तर ऐकून सांगा कुठला कुणाचा."

"ऐकायचं न्हाई, साहेब. बघायचं," केरबा म्हणाला. "पक्षी एक असंल, तर दोन्ही आवाजांवर त्योच धावून यील. दोन असत्याल, तर ज्याचा त्यो यील."

लालासाहेबांनी भुवया उंचावल्या, पण दुर्बीण डोळ्यांना लावली. केरबाने टेप सुरू केली. आज आवाजाचे बटण मुक्ताबाईने सकाळीच बेताने लावून ठेवले होते. ती माचावर उभी होती, हातात गोफण नव्हती.

चाके फिरू लागली. बाळासोने मान डोलावली. थोडा वेळ गेला.

"सुरू करताय ना?" लालासाहेबांनी विचारले.

केरबाने चमकून त्यांच्याकडे पाहिले. तेवढ्यात उसातून वटवट्या तीरासारखा आला, दांडीवर बसला आणि चोच वासून यंत्रावर तुटून पडला. माळाकडच्या बोरीवर दुसरा एक होता, तो पंख साफ करत बसला. त्याचा बांध कुणी कोरत नव्हते.

केरबाने उठून टेप उलटली. उसातला परत आपल्या पात्यावर जाऊन बसला आणि ढिम्म राहिला. आता मात्र बोरीवरचा पंख साफ करायचे सोडून खाली झेपावला आणि त्याने यंत्राभोवती थयथयाट सुरू केला. अंगाने तो थोराड होता, चोचही जाड.

लालासाहेबांनी दुर्बीण काढली, पुठ्ठा सोडला, दोन्ही फोटोंतल्या चोची ताडून पाहिल्या. पुन्हा दुर्बीण लावली.

"दोन आहेत," ते म्हणाले. "बाळासो, दोन्ही फोटो लागतील. आणि खाली केरबांचं नाव लागेल."

"आरं, बघितलं का आमचा कानसेन!" बाळासोने केरबाला उचललेच.

"खाली ठेव, गड्या." केरबाचा ऊर आनंदाने भरून आला होता आणि त्या आनंदात लपवायचे काही उरले नव्हते. "कान न्हाईत आता, साहेब. तोफंनं नेलं. ऐकलं ह्या पाखरांनी आनि आमच्या मंडळींनी."

बाळासोने त्याला अलगद खाली ठेवले. लालासाहेब काठीवर रेलून टेपरेकॉर्डरकडे बघत होते.

"त्या पहिल्या बाजूला," त्यांनी हळूच विचारले, "आवाज होता?"

"हुता, साहेब. बारीक हाय. मलाबी येत न्हाई."

"मला वाटलं, यंत्रच बिघडलंय," लालासाहेब म्हणाले. मग ते हसू लागले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. काठी बाजूला ठेवून ते केरबाशेजारी ओल्या बांधावर बसले, धोतराची पर्वा न करता.

"पुन्हा लावा ती बाजू," ते म्हणाले. "बटण जरा वाढवा."

केरबाने बटण शेवटापर्यंत पिळले. बाळासो कान झाकून पळाला. माचावर मुक्ताबाईने दोन्ही कानांवर पदर दाबला, पण आज यंत्र बंद करायला ती खाली उतरली नाही. खाली ते दोघे खांद्याला खांदा लावून उसाकडे बघत बसले होते, आणि वटवट्या येत होता.