धामच्या उतारावरची फटफटी

नरहर रोज संध्याकाळी फटफटी अंगणात उभी करी, तेव्हा शरयूवहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबत. पहिले चार दिवस त्यांनी काही विचारले नाही. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "भावजी, ही गाडी आपणहून माणसाला पाडते का?"

"शिकाऊ माणसाला पाडू शकते."

"ते शिकाऊ नव्हते."

नरहरचे थोरले भाऊ वासुदेवराव गुरांना लस टोचण्याच्या सरकारी कामावर होते. गेल्या वर्षी, सत्तावन सालच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर्ध्याहून पवनारकडे निघाले आणि पाच मैलांवर धाम नदीच्या पुलाआधीच्या उतारावर पडून जागीच गेले. रस्ता मोकळा होता, समोरून काही आले नव्हते. निघताना नवराबायकोत शब्दाला शब्द लागला होता. सणाच्या दुसऱ्या दिवशीही घरी थांबत नाहीत म्हणून वहिनी रागाने बोलून गेल्या, "मग परत येऊच नका." शेजारच्या खोलीत सासूबाईंनी, लीलाबाईंनी, ते ऐकले. तेराव्या दिवशी त्या सुनेला एवढेच म्हणाल्या, "तू म्हणालीस आणि त्यानं ऐकलं." त्यानंतर अकरा महिने त्या तिच्याशी बोलल्या नव्हत्या. आणि शरयूवहिनींनाही मनातून तेच खरे वाटत असे, की उतारावर वासुदेवरावांनी मरायचे म्हणून स्वतःच गाडी सोडून दिली. तसे नसेल तर कसे, हे सांगणारे त्यांना कोणी भेटले नव्हते.

दादांच्या जागी नरहरला घेतले गेले. खेडोपाडी हिंडायचे तर फटफटी हवी, आणि घरात दादांचीच होती, सव्वाशे सीसीची, विलायती. अपघातानंतर हरिभाऊ मिस्त्रीने ती दुरुस्त करून दिली होती.

गाडी चालवणे आपल्याला येते, अशी नरहरची समजूत होती. कॉलेजात असताना तो ओमप्रकाश नावाच्या मित्राच्या जड फोर-स्ट्रोक गाडीवर शिकला होता. ती किक मारताना पायाला झटका देई, पण एकदा सुरू झाली की तिचा एकेक ठोका मोजता येई. अगदी कमी रेसवरही ती मुकाट ओढत राही, आणि उतारावर रेस सोडली की तिचे इंजिनच तिला मागे धरी. शिकणाऱ्याच्या निम्म्या चुका ती स्वतः पोटात घाली.

दादांची टू-स्ट्रोक अगदी वेगळी निघाली. हलकी, सायकलसारखी वळणारी, पडली तर एकट्याने उचलता येणारी. पहिल्या दिवशी त्याला वाटले, शिकायला हीच बरी. मग एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. कमी रेसवर तिच्यात जीवच नसे, आणि किंचित वाढवली की ती अंगाखालून निसटल्यासारखी उसळे. रेस सोडली तर मागे धरणे तिला ठाऊक नव्हते. इंजिन झोपेत बरळल्यासारखे अडखळत राही आणि गाडी त्याच वेगाने पुढे जाई. उतारावर तर मागच्या कॅरियरवर कोणी बसले आहे आणि पायांनी हलके हलके रेटते आहे, असे वाटे. दोनदा नरहरने मागे वळून पाहिले होते. पाहिल्यावर स्वतःचीच लाज वाटली होती.

सहाव्या दिवशी भर दुपारी तो धामच्या उतारावर आला. दोन्ही अंगांना कपाशीची पऱ्हाटी निश्चल उभी होती. पुलाच्या अलीकडे त्याने ब्रेक दाबला. थांबता थांबता इंजिन मरायला आले, आतल्या आत एकदा दचकले आणि पुन्हा चालू झाले. आवाज मात्र बदलला होता. घसा बसलेला माणूस बोलावा तसा तो येत होता. नरहरने पहिला गिअर टाकला आणि क्लच हलके हलके सोडला.

गाडी मागे गेली.

त्याने खाली पाहिले. गिअर बरोबर होता. पुन्हा क्लच सोडला, आणि गाडी पुन्हा मागे, चढाच्या बाजूला, हातभर सरकली. घाबरून त्याने रेस वाढवली तशी ती अधिकच जोराने मागे ओढू लागली. त्याचे दोन्ही पाय फुफाट्यात घासत गेले. अखेर इंजिन बंद पडले. ज्या रस्त्याने तो आला होता त्याच रस्त्याने कोणीतरी त्याला दहा पावले परत नेले होते.

दुसऱ्या दिवशी, त्याच जागी, पुन्हा तसेच झाले. या वेळी बाभळीखाली बसलेला एक म्हातारा शेतकरी उठून जवळ आला. त्याचे नाव तानबा.

"काऊन बाप्पा, गाडी मांगं काऊन जाऊन राह्यली?"

"समजत नाही."

तानबाने त्याचे तोंड निरखून पाहिले. "तुमी ढोराईच्या डागदराचे भाऊ ना? इथंच पडलते ते. मीच उचललं त्याईले." त्याने मागच्या चाकाकडे बोट दाखवले. "एक सांगतो. तुमी शिकले-सवरले, हासाल. फटफटी बंद होती, पन मांगचं चाक फिरे नाई. चौघं जन लागलो. चाक घसटत आलं, फिरलं नाई. जसं कोनं अंदरून धरून ठेवलं. मंग पोलीस आले, घंटा-दीड घंटा गेला. त्याईले बैलगाडीत ठेवलं, अन् मी फटफटीले हात लावला, त चाक फिरलं. आपल्या आप. अन् फिरतांना फस्स, फस्स करे, जसा कोनी श्वास घेऊन राह्यला."

"आणखी काही पाहिलंत?"

"डाव्या हाताची बोटं मुठीपुढच्या त्या दांडीत अडकलती. एकेक करून सोडवली मी."

नरहरने त्या दिवशी गाडी ढकलतच चढावर नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कापूस बाजाराजवळ हरिभाऊ मिस्त्रीच्या दुकानात गेला. गाडी मागे गेल्याचे ऐकून हरिभाऊ मनसोक्त हसला.

"टू-स्ट्रोक हाय ते, नरहर. मरता मरता उलटा झटका बसला का उलटी बी चालते. मोठी गाडी नाई चालनार, तिचे वाल्व आडवे येतेत. भूतगीत नाई, मशीन हाय."

"दोन्ही वेळा एकाच जागी?"

"दोन्ही वेळा तू एकाच जागी तसाच थांबला. भुताले काऊन बदनाम करतं?"

मग नरहरने चाकाची हकिगत सांगितली. हरिभाऊचा पाना चालवणारा हात थांबला.

"हे कोनं सांगतलं तुले?"

"तानबांनी. ज्यांनी दादांना उचललं."

हरिभाऊने फडक्याला हात पुसले. "पिस्टननं पकडलंतं. बिना ऑईलचा गरम होते, फुगते, सिलिंडरले धरून बसते. चाक जागच्या जागी जाम. थंडा झाला का सोडून देते. मी खोललं तवाच दिसलं, अंदरून सारं खरवडलं होतं. पेट्रोलमंदी ऑईल टाकाले इसरले आसन वासुदेवराव. मेलेल्या मानसाची चूक त्याच्या बायकोले कायले सांगाची? म्हनून बोललो नाई."

"पेट्रोलमध्ये ऑईल?"

"मंग? त्या ओमप्रकाशच्या गाडीत ऑईल अलग रायते. हिच्यात पेट्रोलमंदीच मिसळा लागते. तुले आठ दिवस मीच मिसळून देऊन राह्यलो ना. ते गढूळ हिरवट दिसते, तेच ऑईल."

बाजारात बैलगाड्यांचा गलबला चालला होता. नरहरला तो ऐकू येईनासा झाला. गेल्या दसऱ्याला पूजेसाठी ही फटफटी त्यानेच धुतली होती. चाकांचे आरे चिंचेने घासले, झेंडूची माळ घातली, आणि टाकीचे झाकण उघडले तर आत गढूळ हिरवट पेट्रोल. दादांच्या भोळेपणाचा कोणी फायदा घेतला, भेसळ गळ्यात मारली, असे वाटून त्याने ते मोरीत ओतून टाकले आणि ओमप्रकाशच्या डब्यातले काचेसारखे स्वच्छ पेट्रोल भरले. दादांना सांगितले नव्हते. सणाची भेट म्हणून मनातच ठेवले होते.

"पाच मैल चालली असती का? तशी?"

"आधीचं ऑईल अंदर लागून रायते. पाच मैल जाईन. मंग उतारावर रेस सोडली का उरलंसुरलं बी पोचत नाई."

"आणि क्लचमध्ये बोटं अडकली होती त्यांची."

"क्लचची दांडी पार मुठीपर्यंत वाकून आलती माह्यापाशी," हरिभाऊ म्हणाला. "मशीन पकडते तवा आवाज बारीक होते, रडल्यावानी. समजनारा मानूस लगेच क्लच दाबते, चाक मोकळं करते. वासुदेवराव समजनारे होते. टायमावर नाई जमलं, पन दाबला त्याईनं. ज्याले मराचं हाय तो क्लच कायले दाबन?"

नरहर फटफटी दुकानातच ठेवून पायी घरी आला. शरयूवहिनी मागच्या पडवीत होत्या. त्याने उभ्यानेच सर्व सांगितले. मोरी, स्वच्छ पेट्रोल, चाक, बोटे. काही वगळले नाही.

"आवाज आधी येतो?" त्यांनी विचारले.

"एक-दोन श्वासांपुरता."

"म्हणजे त्यांनी ऐकला."

"हो."

"आणि दांडी दाबली."

"हो, वहिनी."

त्या भिंतीला टेकून हळूहळू खाली बसल्या. वर्षभर जो चेहरा नरहरने पाहिला होता तो त्याच्या डोळ्यांदेखत सैल झाला, आणि मग त्याच चेहऱ्याने त्याच्याकडे असे पाहिले की त्याला मान वर ठेवता येईना.

"आईंना सांगू नका," त्या म्हणाल्या.

"का?"

"त्यांना एकच मुलगा उरलाय. त्याच्याकडे त्यांनी कसं बघायचं मग? मला कळलं, तेवढं पुरे."

"आणि तुमच्याशी त्या जन्मभर बोलणार नाहीत?"

"न बोलण्याची सवय होते, भावजी. तुम्ही ज्या नजरेनं आत्ता खाली बघताय ना, तिची होत नाही. मी करून पाहिलंय."

नरहर माजघरात गेला. लीलाबाई खिडकीखालच्या उजेडात गहू निवडत बसल्या होत्या. तो त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. मागे दारात वहिनींच्या पावलांचा आवाज आला आणि थांबला.

"आई, गेल्या दसऱ्याला फटफटी मी धुतली होती. आठवतं?"

"न आठवायला काय झालं," सुपावरून नजर न उचलता त्या म्हणाल्या. स्वर मऊ होता. "किती चकचकीत केली होतीस. का रे?"