पाखरं हाकलणारी डिस्क

अंजूला एक खोड होती. कुणाच्या घरी काय शिजतंय याच्याशी तिला काडीचं देणंघेणं नसायचं, पण बंद डब्यात काय आहे हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. लग्न होऊन चोरखमाऱ्याजवळच्या त्या गावात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने सासरचा मिक्सर खोलून ठेवला. बरं, खोलला तो खोलला, परत जोडलाही, आणि तो आधीपेक्षा कमी बोंबलायला लागला. म्हणून सासूबाईंनी, सुशिलाबाईंनी, ओठांवर आलेली शिवी गिळली.

बांधीवर, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतावर, दोऱ्या ताणून त्यांना जुन्या सीड्या टांगायची युक्तीही अंजूचीच. धान भरायला लागलं की पोपटांचे थवे उतरतात. सीडी वाऱ्यावर फिरली, उन्हात लखलखली की बिचकून उडतात. घरातल्या पेटीत लग्नाच्या, भजनाच्या, कुणाकुणाच्या बारशाच्या सीड्या पडून होत्या. तिने सगळ्या घाईघाईने, न बघताच नेऊन लटकवल्या. पुढच्या हंगामात अर्ध्या गावाने तिची नक्कल केली.

यंदा दिवाळी झाली, मंडईची जत्रा झाली, धान कापून झालं, आणि अंजू दोऱ्या गुंडाळायला बांधीत गेली. एकेक सीडी सोडवताना एक हातात आली आणि ती थबकली. बाकीच्यांवर मार्करने लिहिलेलं होतं, ही मात्र छापील होती. रंग उन्हाने उडालेला, तरी एक लांब मान दिसत होती आणि मानेवर लालसर डोकं. खाली कोपऱ्यात पृथ्वीचा गोळा, एवढासा, आणि गोळ्यावर आकडा – एक.

लांब मान, लाल डोकं. अगं बाई, हा तर सारस!

आता सारसाचं प्रकरण सांगायला हवं, कारण त्या घरात त्या पक्ष्याचं नाव घ्यायची सोय उरली नव्हती.

अंजू लग्न होऊन यायच्या आधीची गोष्ट. तिच्या सासऱ्यांच्या, उदारामच्या, बांधीत सारसाच्या जोडीने घरटं केलं होतं. कॅनडाची एक गोरी बाई कॅमेरा घेऊन हंगामभर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसायची. एके दिवशी पावसाने बांधी तुडुंब भरली, घरटं बुडायला आलं. उदारामने पाण्यात उतरून घरट्याखाली तणशीच्या पेंढ्या सारल्या, अंडी वर उचलली गेली, आणि नर सारस हातभर अंतरावर उभा असूनही त्याने चोच मारली नाही. ही उदारामची हकीगत. बघणारी एकटी ती गोरी बाई. सुशिलाबाई तेव्हा आजारी आईपाशी सालेकशाला होत्या.

उदारामने ही गोष्ट गावाला सांगितली. एकदा सांगितली, दहादा सांगितली, कुणी लग्नाला आलं की पाहुण्यालाही सांगितली. सारस माणसाएवढा उंच. अंड्यापाशी गेलेल्याचं डोकं फोडेल, सोडेल कसला, असं लोकांचं म्हणणं. गाव गालातल्या गालात हसायचं. सुशिलाबाईसुद्धा म्हणायच्या, "बुढा जरासाक बढवूनच सांगते."

आणि यंदाच्या मंडईत कहर झाला. खड्या गंमतीच्या लोकनाट्यात शेजारचा चैतराम लुगडं नेसून उभा राहिला. झाला सारसाची दाई! "कळ काढ बाई, कळ काढ," असं म्हणत त्याने सारसाचं बाळंतपण केलं. मांडव हसून हसून लोळला. तिसऱ्या रांगेत बसलेला उदाराम उठला, चपला शोधल्या आणि घरी आला. तेव्हापासून तो चौकात गेला नाही, आणि घरातही 'हव' आणि 'नाई' यापलीकडे बोलला नाही. बोलका माणूस असा मुका झाला की घर खायला उठतं. अंजूला सासऱ्यांचा फार लळा लागला होता, आणि हे तिच्याने पाहवत नव्हतं.

ती सीडी पदरात लपवून घरी आली.

"आत्याबाई, त्या गोऱ्या बाईनं काही धाडलं होतं काय?"

"धाडलं ना, डिस्क धाडली," सुशिलाबाई सुपाने धान पाखडत म्हणाल्या. "खाली होती. मशिनीत टाकली का इंग्रजीत काईतरी ये, अन् मशीन थुकून दे. इंद्रकुमारच म्हने, खाली हाये. मंग ठेवली पेटीत."

इंद्रकुमार म्हणजे अंजूचा नवरा. बारावीपर्यंत इंग्रजी शिकलेला, पण पडद्यावरची दोन अक्षरं वाचायचा आळस! अंजूने कपाळावर हात मारला. सारसाचा सिनेमा तिने स्वतःच्या हाताने पाखरं हाकलायला लटकवला होता. सांगायचं तरी कुणाला?

तिने डिस्क साबणाने धुतली. ओरखडे मोप होते. वाऱ्याने दोरीवर आपटून आपटून काठाशी जाळं झालं होतं. टूथपेस्ट लावून मऊ फडक्याने मधून बाहेर, मधून बाहेर घासत बसली. मग टीव्हीखालच्या प्लेयरवरचं विणलेलं कापड बाजूला केलं आणि डिस्क आत सारली. गर्र, गर्र. पडदा निळा झाला आणि अक्षरं आली: 'राँग रिजन'.

रिकामी कुठे? ही तर 'चुकीचा इलाखा' म्हणत होती! रिकाम्या डिस्कला इलाखा कसा असेल?

झालं, अंजूच्या डोक्यात भुंगा शिरला. मोबाइलवर शोधलं तेव्हा कळलं ते असं, की सिनेमे विकणाऱ्यांनी अख्ख्या जगाचे तुकडे पाडून ठेवलेत. अमेरिका, कॅनडा एक नंबर. आपण पाच, आणि आपल्यासोबत रशिया नि आफ्रिका. तिकडची डिस्क इकडच्या मशीनमध्ये चालू नये म्हणून मशीनलाच नंबर देऊन बसवलेलं. गोळ्यावरचा आकडा तो हाच. तिला राग आला आणि मौजही वाटली. कोण बसला असेल नकाशा घेऊन? रशियाची नि आपली सोयरीक कुणी जुळवली?

हे सगळं ती जेवताना मोठ्याने सांगत होती. उदाराम खाली मान घालून भात कालवत होता. एकाएकी त्याने मान वर केली.

"बांधी माही. सारस माह्या बांधीतले. अन् पाहाची मनाई मलेच?"

एवढे शब्द कित्येक दिवसांत त्या तोंडून निघाले नव्हते. सुशिलाबाईंचा घास हातातच राहिला. अंजूने त्याच क्षणी ठरवलं, आता हे कुलूप काढल्याशिवाय राहायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ती गोंदियाला मुन्नालालकडे गेली. मुन्नालाल लग्नाची शूटिंग करायचा. तिच्या लग्नाचीही त्यानेच केली होती. त्याने डिस्क उलटीपालटी करून पाहिली.

"भाभी, ये तो बाहर का माल है. इधर के प्लेयर में नहीं चलेगा. मेरे पास तो अब प्लेयर ही नहीं, सब पेनड्राइव्ह."

"मग करायचं काय?"

"प्लेयर को रिजन फ्री करो. हर मशीन में एक चोर मेनू रहता है, कंपनीवालों के लिए. रिमोट से खुलता है. पीछे का मॉडल नंबर देखो और ढूंढो. लेकिन संभल के हां, उल्टासीधा दबाया तो मशीन हमेशा के लिए सो जाएगी."

चोर मेनू! अंजूला चोरकप्पा ठाऊक होता, आजीच्या कपाटातला. मशीनच्या पोटातही चोरकप्पा असतो हे ऐकून बसमध्ये तिला बसवेना. इतकी वर्षं ते मशीन समोर होतं आणि तिने ते एकदाही खोलून पाहिलं नव्हतं, याचीच तिला लाज वाटली.

दुपारी ती रिमोट घेऊन बसली. पद्धत साधीच वाटत होती: डिस्कचा कप्पा उघडा ठेवायचा, सेटअप दाबायचं, मग ठरावीक आकडे. पण कुठले, यावर नेटवर जितकी तोंडं तितक्या गोष्टी. पहिला प्रयत्न फुकट गेला. दुसऱ्याने कप्पा आपोआप आत गेला. तिसऱ्याने मात्र सगळा मेनू चिनी होऊन बसला, भिंतीएवढी अक्षरं आणि एकाचाही अर्थ नाही.

"घे," इंद्रकुमार दारातून म्हणाला. "आता मशीन चिनीत बोलन. काऊन मांगं लागली तू त्याच्या? मशीन बसली ना कायमची, त मी दुसरी नाई आननार, सांगून ठेवतो."

"तुम्ही वाचलं असतं ना तेव्हा, तर मला कायले मांगं लागावं लागलं असतं?" अंजू फटकन म्हणाली. तो गुपचूप धान पाहायला निघून गेला.

अंदाजाने बाण दाबत दाबत तिने चिनीतून मशीन परत इंग्रजीत आणलं. एक युक्ती अनेकांनी लिहिली होती, तिच्या मॉडेलचं नावही त्यात होतं, पण ती इथे लागू पडत नव्हती. आकडे बरोबर, क्रम बरोबर, मग अडतंय कुठे? तिने पुन्हा दाबलं, आणि या वेळी पडद्याकडे न बघता बोटाकडे बघितलं. नऊ दाबला तरी रिमोटचा दिवा लुकलुकलाच नाही.

हात्तिच्या! रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत होता. सुशिलाबाई घरातली प्रत्येक नवी वस्तू पिशवीत घालून वर रबर लावत. रिमोटवर तर पिशवीवर पिशवी होती. चालू-बंदची बटणं रोजच्या दाबण्याने मोकळी झाली होती, पण नऊच्या बटणाला इतक्या वर्षांत कुणी हात लावला होता? तिथे प्लास्टिक चिकटून कडक झालं होतं.

तिने कात्री घेतली.

"अवो, प्लास्टिक नोको काढू! रिमोट घिसन!"

"घिसू द्या, आत्याबाई. घिसायसाठीच असते तो."

पिशव्या गळून पडल्या. आतून रिमोट निघाला तो दुकानातल्यासारखा कोरा. कप्पा उघडा, सेटअप, आकडे, शेवटचा नऊ. आणि पडद्यावर, कधी न दिसलेली एक ओळ उगवली. रिजन, आणि पुढे पाच. तिने बाण दाबत दाबत तो पाच शून्यावर नेला. शून्य म्हणजे कुठल्याच तुकड्यातला नाही, म्हणजेच सगळ्यांचा. डिस्क आत सारली. गर्र, गर्र. आणि पडद्यावर हिरवागार धान!

तिने लगेच थांबवलं. आधी एकटीने पाहावं, मग काय ते ठरवावं, असं तिच्या मनात होतं. डिस्कमध्ये ते नसलंच तर? मामाजींनी खरंच बढवून सांगितलं असेल तर? पण सुशिलाबाईंना कुठला धीर! त्या कुंपणाशी जाऊन ओरडल्यासुद्धा, "चालली वो, चालली! गोरीची डिस्क चालली!" घटकाभरात खोली भरली. सगळ्यांत पुढे चैतराम, खुर्ची ओढून, पायावर पाय टाकून.

"पाहू तरी दाईचं बारतपन," तो म्हणाला. कुणीतरी खिदळलं.

उदाराम दाराशी उभा होता. आत येईना, जाईनाही.

अंजूने बटण दाबलं. गोऱ्या बाईचा आवाज इंग्रजीत काहीबाही सांगत होता, तिकडे लक्ष कुणाचं? बांधी तीच. धुऱ्यावरचं मोहाचं झाड तेच. सारस दोन, एक बसलेला, एक उभा. मग आभाळ काळं झालं, पाणी चढलं, धानाचे शेंडे तेवढे वर राहिले. घरट्याच्या कडेवरून पाणी आत यायला लागलं. आणि कडेने कमरेएवढ्या पाण्यात, डोक्यावर तणशीच्या पेंढ्या घेऊन, काळ्या केसांचा उदाराम चालत आला. नर सारसाने पंख पसरले. उदाराम थांबला. सारसाने मान खाली घेतली, चोच त्याच्या तोंडासमोर –

आणि चित्र फुटलं. ठोकळेच ठोकळे. गर्र, खट, गर्र. अंजूने मागे घेतलं, पुढे नेलं. त्याच जागी ठोकळे. तिच्या दोरीचा ओरखडा, दुसरं काय! जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं.

मग मशीनने उडी मारली आणि चित्र पुन्हा लागलं. पाऊस थांबलेला. घरटं तणशीवर उंच, वर दोन अंडी, त्यांवर बसायला मादी पाय मोडत होती. नर शेजारी उभा. आणि धुऱ्यावर उदाराम, चिखलाने माखलेला, डोक्यावर पेंढी नाही, डोकं शाबूत.

कुणीच हसलं नाही. चैतरामने पायावरचा पाय खाली घेतला. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"उदारामभाऊ," तो म्हणाला. "मधात का झालं जी? थो चोच घेऊन आला, अन् मंग?"

उदारामने चौकटीवरचा हात काढला. अंजूला वाटलं, आता हा माणूस पाठ फिरवून निघून जाईल, आणि गेला तर त्याचं काय चुकलं? पण तो आत आला. लोकांनी सरकून वाट केली. तो पलंगाच्या काठावर बसला, घसा साफ केला आणि दोन्ही हात पुढे धरले, पाण्याखाली काही पेलत असल्यासारखे.

"त मंग, थो आला ना जी पुढं, त मी त्याले म्हनलं..."

टीव्हीतली गोरी बाई मध्येच काहीतरी बोलली.

"अंजू," सुशिलाबाई नवऱ्याच्या तोंडावरची नजर न काढता म्हणाल्या, "बंद कर वो ते मशीन. आयकू दे."