दिवाळीनंतरचे भाडेकरू

आळेफाट्यावर आम्ही बघितलेली ही आठवी चाळ. पाच खोल्या, वर गच्ची, मागे दोन संडास. रस्त्याकडेचं वावर विकून ती घ्यायची, चार खोल्या भाड्याने द्यायच्या आणि पाचवीत आम्ही दोघांनी राहायचं, असं आमच्या ह्यांनी, म्हणजे संपतरावांनी, ठरवलं होतं. माझे गुडघे तर सातव्या चाळीतच बोलायला लागले होते.

आण्याच्या कोरड्या पठारावर जन्म काढलेल्या माणसाला घर बघायला पाठवू नये. त्याला घर दिसतच नाही, नळ दिसतो. हे प्रत्येक खोलीत शिरले की सरळ मोरीत जायचे, नळ सोडायचे आणि ओंजळीत पाणी घेऊन हसायचे. वीजमीटर वेगवेगळे आहेत का, संडासाची टाकी कधी उपसली, चाळीची नोंद कुणाच्या नावावर आहे, हे सगळं मीच विचारत होते. मालक भगवंतराव उत्तरं मात्र ह्यांच्याकडे बघून देत होते. मला त्याचा राग येतो, पण आता तो धरून ठेवायचाही कंटाळा येतो.

बोअरचं पाणी उन्हाळ्यातही तुटत नाही, दहा फुटांवरच लागतं, असं भगवंतराव म्हणाले आणि हे विरघळलेच. मी सावध झाले. माझं माहेर तळेघरचं. तिथे पाऊस चार महिने घरात मुक्कामाला येतो. पाणी इतकं वर असलं की भिंत काय करते, ते मला कुणी शिकवायला नको.

भिंतींना नवा रंग होता, पण कमरेपर्यंतच. चौथ्या खोलीत आरोही नावाची लेकुरवाळी पोरगी राहत होती. तिचं लोखंडी कपाट विटांवर चढवून भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेलं होतं. मी मागे हात घातला. माघ सरत आला होता, तरी भिंत ओली लागली. कधी राहायला आलात, असं विचारलं तर म्हणाली, दिवाळीनंतर. मग बाकीच्या खोल्यांतही विचारलं. पाचही बिऱ्हाडं दिवाळीनंतरचीच. म्हणजे इथे पावसाळा कुणी काढतच नव्हतं.

आणि खरं सांगते, मी गप्प बसणार होते. एकतीस वर्षं मी डोक्यावर पाणी वाहिलंय. टँकरमागे धावलेय, हंड्यासाठी सख्ख्या जावेशी भांडलेय. घरात नळ मिळत असेल तर भिंत ओली का असेना. शेजारच्या खोल्यांत त्या ओलीत कोण झोपतं, ते आपण कशाला बघायचं? लाज वाटावी असा विचार, पण आला.

बाहेर आल्यावर ह्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "पुष्पे, शेवटची खोली आपल्याला ठिवू. मोरी लई मोठी हाय. तुला आता हंडा उचलावा लागायचा न्हाई. बाकीचं मला काय कळत न्हाई. तू हो म्हण, मी इसार देतो."

एकतीस वर्षांत ह्यांनी मला कशातच विचारलं नव्हतं. विचारलं ते हे.

आरोही दारात बाळाला घेऊन उभी होती. त्याची छाती घरघरत होती, मला पायरीपर्यंत ऐकू येत होतं.

"नको," मी म्हणाले. "भित्ती ओल धरत्यात. पावसाळ्यात हितं कोन टिकत न्हाई. आपन बी टिकायचो न्हाई, आन् दुसऱ्याच्या लेकराला हितं ठिवून भाडं घ्यायचं मला जमायचं न्हाई."

ह्यांनी वाद घातला नाही. भगवंतरावांना जमत नाही म्हणून सांगितलं आणि आम्ही एसटी पकडली. बेल्हे मागे पडेपर्यंत हे खिडकीबाहेर बघत बसले.

मग म्हणाले, "पन पानी लई ग्वाड व्हतं गं."

"व्हतं," मी म्हणाले, आणि भरल्या गाडीत मला रडू कोसळलं.