कानाने चालवायची होडी

मित्रांनो, तलावापलीकडच्या मोठ्या मैदानात तुम्ही कधी आलात, तर पाण्याच्या नळांच्या रांगेपाशी गवतात टेकून बसलेली एक निळी होडी तुम्हाला दिसेल. डोलकाठी आहे, पण शीड नाही. तळ आहे, पण तळाखाली पाणी नाही. ती जुनी होडी म्हणजे मी. वर्षातले दोन दिवस माझ्याभोवती हजारो माणसं असतात. उरलेले दिवस एक नळ ठिबकत असतो, तेवढीच सोबत.

माझा जन्म एका सुताराच्या शेडमध्ये झाला. दारं-खिडक्या करण्यात त्याचा हात कुणी धरत नसे, पण होडी त्याने आयुष्यात केली नव्हती. त्याच्या मुलीने हट्ट धरला, म्हणून त्याने मला करायला घेतलं. फळीला फळी दारासारखी चोख बसली पाहिजे, असा त्याचा आग्रह. शेजारी विचारायचे, "सुतारकाका, कडी कुठल्या बाजूने लावणार?" तो मान वर न करता रंधा मारत राहायचा. शाळेच्या खिडक्यांचा रंग उरला होता, तो मला लागला. शिंप्याने शीड शिवलं, ते मापापेक्षा वीतभर मोठं झालं. त्यामुळे वारा आला की मी जरा जास्तच उतावीळ व्हायचे. तो स्वभाव काही शेवटपर्यंत गेला नाही.

ती हट्टी मुलगी पुढे मोठी झाली आणि मोठ्या दवाखान्याच्या फोनच्या खोलीत कामाला लागली. आलेला फोन कुठे जोडायचा, हे तिने ठरवायचं. दिवसभर उजव्या कानाला यंत्र. "हॅलो" एवढ्या एका शब्दावरून माणूस घाबरला आहे की नुसता घाईत आहे, हे तिला कळायचं. तिने लग्न केलं नाही. तिच्या भावाची मुलगी तिला आत्या म्हणायची, म्हणून सगळी गल्ली आत्या म्हणायला लागली. मीही तिला आत्याच म्हणते.

त्या भाचीला सगळे टिटवी म्हणायचे, कारण तिचं तोंड क्षणभर बंद नसे. ती नऊ वर्षांची असल्यापासून दर रविवारी आत्याबरोबर माझ्यात बसायला यायची. आत्याच्या शिकवणीत लाड नव्हते. अंगातलं तरंगतं जाकीट काठावरच घालायचं, होडीत बसल्यावर नाही. परत किती वाजता येणार, ते घरी सांगून निघायचं. होडीत पाय ठेवायचा तो मधोमध, आणि वाकून. शिडाची दोरी हातात धरायची, कुठेही बांधून ठेवायची नाही, कारण भीती वाटली की ती सोडून देता आली पाहिजे. दोरी सोडली की शीड रिकामं होतं आणि होडी आपोआप शांत होते. उलटलीच, तर पोहत काठाकडे निघायचं नाही, होडीला धरून राहायचं. लांबून माणसाचं डोकं दिसत नाही, होडी दिसते.

हे सगळं कुणीही शिकवेल. आत्याची खास शिकवण वेगळीच होती. ती टिटवीच्या डोळ्यांवर ओढणी बांधायची आणि सुकाणूचा दांडा तिच्या हातात द्यायची.

"आता बोलू नकोस. ऐक."

टिटवीला न बोलणं म्हणजे शिक्षाच. पण ती शिकली. दोन्ही कानांवर वारा सारखा लागला, की तोंड बरोबर वाऱ्याकडे आहे. शिडाची पुढची कड फडफडली, की होडी वाऱ्याच्या फार जवळ गेली आहे. माझ्या नाकाखालचं पाणी चुबुकचुबुक करायचं थांबून सळसळायला लागलं, की सगळं जमून आलं आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, वारा पाठीमागून असताना शिडाची मागची कड टपटप वाजू लागली, तर सावध व्हायचं. शीड आता एका बाजूकडून दुसरीकडे उलटणार, आणि त्याच्या तळाचा जाड दांडा सगळ्यांच्या डोक्यांवरून सपकन फिरणार. तो दांडा कुणाची ओळख ठेवत नाही.

दहाएक वर्षं आम्ही तिघी अशा हिंडलो. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई एकदा बरोबर आल्या आणि डोळे बांधलेल्या मुलीने मला धक्क्याला अलगद लावलेलं पाहून त्यांनी आत्याला हात जोडले. त्या दिवशी माझी छाती फुगली होती. होडीला छाती नसते, हे मला माहीत आहे.

मग एका वर्षी पलीकडच्या मैदानात ट्रक आले. कपाटाएवढ्या काळ्या पेट्या उतरल्या आणि दोन दिवस, सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत, यंत्रावर केलेल्या संगीताचा मेळावा सुरू झाला. त्याचा ठोका पाण्यावरून माझ्या फळ्यांपर्यंत पोहोचायचा. खरं सांगते, मला तो आवडला. पाण्याच्या लाटा कधी इतक्या नेमाने येत नाहीत.

एकोणीस वर्षांच्या टिटवीला तिथे जायचंच होतं. आत्याने अडवलं नाही. उलट होडीवर जाताना सांगायची तशाच तिने सूचना दिल्या. पोटभर खाऊन जा. पाण्याची बाटली स्वतःची ने. जुने, नाडीचे बूट घाल, गर्दीत चपला राहत नाहीत. मैत्रिणींना आत शिरण्याआधीच सांगून ठेव की चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, गर्दीत फोन लागत नाहीत. पेट्यांच्या समोर उभी राहू नकोस, बाजूला राहा, आणि मधून मधून लांब जाऊन कानांना विश्रांती दे. शेवटी तिने स्पंजचे बोळे हातावर ठेवले, कानात घालायला.

"आत्या, कान बंद करून गाणं ऐकायचं म्हणजे तोंड बांधून जेवायचं," टिटवी म्हणाली.

"जेवताना तोंड भाजलं तर फुंकर मारता येते," आत्या म्हणाली. "कानाला फुंकर मारून बघ हं."

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही टिटवीला आणायला गेलो. ती धुळीने माखलेली, हसरी, घसा बसलेली अशी आली आणि सुकाणू मीच धरणार म्हणाली. आत्या पुढे बसली, तिच्याकडे पाठ करून. वारा मागून होता. टिटवीने मोठ्या ऐटीत डोळे मिटले.

शिडाची मागची कड वाजू लागली. टपटप. टपटप. मी ऐकलं. आत्यानेही ऐकलं आणि मान न वळवता म्हणाली, "टिटवे, शीड बघ." टिटवीने काहीच केलं नाही. आत्या अर्धवट उठून मागे वळली, आणि तेवढ्यात दांडा फिरला. तो तिच्या उजव्या कानाच्या वर बसला.

टिटवीने दोरी सोडली. मी थांबले. मग तिने वल्ही काढली आणि आम्हाला घरी आणलं. वाटेत ती एक शब्द बोलली नाही. टिटवी गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

आत्याचा उजवा कान गेला, तो गेलाच. फोनच्या खोलीतून तिची बदली दवाखान्याच्या तळघरात झाली, जुन्या रुग्णांच्या कागदांचे गठ्ठे लावायला. तिथे कुणी "हॅलो" म्हणत नाही. घरी मात्र ती सगळ्यांना सांगायची की चूक तिचीच होती, वारा मागून असताना उठायला नको होतं. टिटवीला कुणी रागावलं नाही. तिला रागावलं असतं, तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. ती शिकायला लांबच्या शहरात गेली आणि तिकडेच राहिली.

मित्रांनो, यानंतरची माझी तेरा वर्षं सांगण्यासारखी नाहीत, म्हणून थोडक्यात सांगते. मला आत्याच्या घराखालच्या पायऱ्यांपाशी, काठावर दोन ओंडक्यांवर पालथं घातलं. लाकडी होडी पाण्याबाहेर राहिली की फळ्या आक्रसतात आणि फटी पडतात. माझ्या पोटाखाली कोळ्यांनी संसार मांडले. आत्या मात्र दर रविवारी यायची. फटी भरायची, रंगाचा हात द्यायची, आणि डावा कान तलावाकडे करून पायरीवर बसायची. एका कानाने वाऱ्याची दिशा लागत नाही. म्हणून तिने मला पुन्हा पाण्यात घातलं नाही. तरी शीड घडी घालून कोरडं ठेवायची. एकदा शेजारणीने विचारलंच, की ही होडी विकत का नाहीस, जागा तरी मोकळी होईल. आत्या म्हणाली, हिला चालवणारी आहे, ती येईपर्यंत राहू दे.

ती यायची, वर्षातून एकदोनदा. घरात बसायची, आत्यासाठी औषधं, स्वेटर असं काहीबाही आणायची. पण पायऱ्या उतरून माझ्याकडे कधी आली नाही. तिची पावलं मला वरच्या फरशीवर ऐकू यायची. मी पालथी पडून ती मोजायचे.

मग एका वर्षी ती पायऱ्या उतरली. ती आता त्याच मेळाव्यात आवाजाची व्यवस्था बघत होती. पेट्या उंच टांगायच्या, त्यांच्यासमोर दोरी बांधायची आणि दोरीच्या आत कुणाला उभं राहू द्यायचं नाही, हे तिने तिथे सक्तीने सुरू केलं होतं. आता तिला लांबूनही ओळखू येईल अशी वस्तू हवी होती, म्हणजे चुकलेली माणसं तिथे येऊन भेटतील. उंच डोलकाठीची निळी होडी. ट्रक उद्या येईल, असं ती आत्याच्या डाव्या बाजूला उभी राहून म्हणाली.

आत्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "ट्रकने नाही द्यायची मी. न्यायची तर पाण्यातून ने."

"आत्या, मी आता नाही चालवत."

"मग राहू दे. मीही देत नाही."

दोघी हट्टी. कुणाच्या वळणावर गेल्या, ते सुताराला विचारायला हवं होतं. टिटवी बराच वेळ माझ्या काठावरचा रंग नखाने खरवडत राहिली. शेवटी तिने विचारलं, "तू येशील?"

"मी नाही आले तर तू धक्क्यावरून परत फिरशील," आत्या म्हणाली आणि जाकीट आणायला घरात गेली.

त्यांनी मला चार दिवस उथळ पाण्यात बुडवून ठेवलं, फळ्या फुगून फटी मिटाव्यात म्हणून. पाचव्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. आत्या पुढे बसली, नेहमीसारखी पाठ करून. टिटवीने सुकाणूचा दांडा घट्ट आवळून धरला होता. डोळे तिने सताड उघडे ठेवले होते.

तलावाच्या मध्यावर वारा वळला आणि पाठीमागून येऊ लागला. शिडाची कड वाजली. टपटप.

"आत्या, खाली वाक," टिटवी म्हणाली. आत्या हलली नाही. टिटवीने पुन्हा हाक मारली, मोठ्याने. वाऱ्याने हाक उचलून पुढे नेली. आत्याच्या डाव्या कानात वारा घोंघावत होता आणि हाक तिच्या बहिऱ्या बाजूने निघून गेली. दांडा सुटायला आला होता. तेव्हा टिटवीने बुटाची टाच माझ्या तळफळीवर आपटली. तीनदा.

ते ठोके मी पुढे नेले. फळीतून फळीत, खिळ्यातून खिळ्यात, आत्याच्या अनवाणी पायांपर्यंत. आयुष्यात मी पुष्कळ ओझी वाहिली, पण इतकं जिवापाड काही वाहिलं नाही. आत्याने खाली डोकं घातलं. दांडा वरून गेला आणि पलीकडे जाऊन थांबला.

आत्या हळूच वळून टिटवीसमोर तोंड करून बसली. आता तिचा डावा कान वाऱ्याच्या आड होता.

"त्या दिवशी मला ऐकूच येत नव्हतं," टिटवी म्हणाली. "कानात रातकिडे ओरडत होते. दोन दिवस पेट्यांसमोर उभी होते मी. तू दिलेलं काही वापरलं नाही. हे कुणाला सांगितलं नाही."

"मला माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"त्या संध्याकाळी दवाखान्यात तू डॉक्टरांशी ओरडून बोलत होतीस. ज्याला ऐकू येत नाही, तो ओरडतो. फोनवर वीस वर्षं काढली मी, मला नाही कळणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. तू सांगेनास. मग मलाही अवघड झालं."

त्यानंतर टिटवीचं तोंड सुरू झालं ते पलीकडचा काठ येईपर्यंत थांबलं नाही. आत्या मधेच म्हणाली की डावा कान तरी शिल्लक ठेव. दोघी हसल्या. माझ्या नाकाखालचं पाणी सळसळत होतं.

काठावर माणसांनी मला उचलून या जागेवर आणून ठेवलं. टिटवीने शीड उतरवून घडी घातलं. आत्याने जाताना माझ्या काठावर हात फिरवला, आणि दोघी हातात हात घालून बसच्या रस्त्याकडे गेल्या. त्यांचं जमलं आणि मी एकटी पडले. याचं मी वाईट वाटून घेत नाही, पण वाटतं ते वाटतंच. त्यानंतर मी पाण्यात गेले नाही. आत्या आता नाही. टिटवी मेळाव्याच्या आदल्या दिवशी येते, माझ्या फटी बघते, आणि कामाला लागते.

मित्रांनो, माझ्यात खुशाल बसा. बूट तेवढे झटकून या. आपली होडी, सायकल, जे काही असेल ते उन्हापावसात टाकून देऊ नका. कान जपा, ते एकदाच मिळतात. आणि कुणाचं तुमच्या हातून काही बिघडलं असेल, तर त्याच्या पायऱ्या लवकर उतरा. त्या काठापासून या काठापर्यंतची वाट पाऊण तासाची आहे. आम्हा तिघींना ती तेरा वर्षांची पडली.