सायलीचा आवाज काहून तुटायचा

आमचे मालक बैठकीत यायच्या आधी खोकतेत. घशाला काय झालेलं नसतं, तरी खोकतेत. दारात चप्पल काढायची, घसा खाकरायचा, मग आत पाऊल टाकायचं. घरात सून आली तवापासनंची रीत हाय ती, म्हंजी सुनेला डोक्यावर पदर घ्यायला सवड मिळती. माझे सासरे बी असंच खाकरायचे. आमच्या चकलांब्यात, निदान आमच्या भावकीत तरी, ज्या घरातली सून सासऱ्यापुढं उघड्या डोक्यानं फिरती त्या घराला लोक नावं ठेवतेत. आन् नावं ठेवणाऱ्यात मी पहिली.

माझी सून सायली पाटोद्याची. शिकलेली, कामाला वाघ, उलटून बोलत न्हाई. पण तिला पुण्याच्या कंपनीची नोकरी लागली तवा माझं डोकं फिरलं. काम घरनंच. दुपारी जेवणं झाली की बसायचं, लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या, कॉम्प्युटरात लिहायच्या, आन् उठायचं दिवेलागणीला. नोकरी आधी कच्ची, काम बघून पक्की करणार. माझा पोरगा हनुमान गेवराईला खताच्या दुकानात असतो. त्यानं हौसेनं इंटरनेट घेतलं, पण आतल्या खोलीत ते पोचंना. म्हणून सायलीचं टेबल बैठकीत, भिंतीवरच्या नेटच्या डबीखाली.

राखीपुनवेला सायलीच्या भावानं तिला बिनवायरचा मोठा हेडफोन दिलता, दोन्ही कान झाकणारा. लॅपटॉपचं वायर लावायचं भोक बिघडलेलं, आन् गिऱ्हाइकाचं बोलणं घरात कुणाला ऐकू जाऊ नये अशी कंपनीची अट. त्यामुळं सगळी मदार त्या हेडफोनवर. आन् त्याचाच आवाज तुटाया लागला. मधीच गिऱ्हाईक बारीक आवाजात बोलायचं, मधीच फोनच कट. पोरगी आपली "हॅलो सर, हॅलो सर" करत बसायची. पुण्याच्या मॅडमनी तिला तंबी दिली, असंच चाललं तर पक्कं करता येणार न्हाई म्हणून. तवापासनं सायलीचं जेवणावरचं ध्यान उडालं.

हनुमाननं ष्टँडवरच्या पप्पूला आणलं. त्याचं मोबाईलचं दुकान हाय आन् तोंड लई चालतं. त्यानं हेडफोन लॅपटॉपमधनं काढून पुन्हा जोडला. म्हणला, काकू, आवाजाचे प्रकार असतेत, गाण्याचा निराळा, बोलण्याचा निराळा, तिथं घोळ झालाय. तो घोळ त्यानं निस्तरला. सायलीला कितीतरी वेळ बोलायला लावलं, आवाज खणखणीत. पप्पू चहा पिऊन गेला, मालक रानातनं आले, आन् फोन कट.

मग पप्पूनं लॅपटॉप अपडेट केला. नेटची डबी खिडकीकडं सरकवली. मग म्हणला मिक्सर लावू नका, मग म्हणला फ्रीज बंद करून बघू. दही आंबून गेलं, दूध नासलं, आन् आवाज तुटायचा तो तुटतच राहिला. माझा नुसता संताप. म्हणलं एका नोकरीपायी सगळं घर उपाशी मारता का.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी आतल्या उंबऱ्यात पुरणासाठी डाळ निवडत बसलते. सायली फोनवर कुणाला तरी समजावत होती. दारात मालक खाकरले. सायलीनं पदर डोक्यावर ओढला. हेडफोन गुळगुळीत, पदर घसरला. तिनं पुन्हा ओढला, तवा तिची बोटं कानावरच्या वाटीवर दाबली गेली. आन् लागलीच, "हॅलो सर, हॅलो."

मी डाळ निवडायची थांबले. मालक पाणी पिऊन बाहेर गेले, परत आले, खाकरले. पुन्हा पदर, पुन्हा बोटं, पुन्हा हॅलो. त्या वाटीत काय यंत्र हाय हे मला अडाणी बाईला काय ठाऊक, पण बोट लागलं की आवाज जातो येवढं उघड्या डोळ्यानं दिसायलं होतं. सायलीला ते कळायचं न्हाई. पदर सावरणं बाईच्या हाताला सवयीचं असतंय, डोळ्याची पापणी हलती तसं. पप्पूसमोर कधी बिघाड व्हायचा न्हाई, कारण पप्पू काय सासरा न्हाई.

मी बोलायला पायजे होतं. एक वाक्य होतं. पण त्या वाक्याचा अर्थ काय व्हायचा? माझ्याच तोंडानं सुनेला म्हणायचं, सासऱ्यापुढं पदर घेऊ नको. जी मी दुसऱ्याच्या सुनांची उणीदुणी काढत फिरले, तीच मी? आन् खरं सांगायचं तर मनात दुसरं बी होतं. म्हणलं जाऊ दे ना सुटली तर ही नोकरी. सांजच्या भाकरी मलाच थापाव्या लागायल्यात. म्हणून मी मूग गिळून बसले आन् पोळ्याचं पुरण शिजवलं.

पोळा झाल्यावर पप्पू पुन्हा आला. ह्या वेळी त्यानं सायलीला बसवून इचारलं, घरात कोण असलं की जास्त तुटतं. सायली भोळी, तिनं सांगितलं, "मामा आले की." सासऱ्याला ती मामा म्हणती. पप्पूचं ध्यान मालकांच्या कानाकडं गेलं. हनुमाननं बीडहून त्यांना कानाचं मशीन आणून दिलेलं, मोबाईलला जोडता येणारं. पप्पूनं मांडीवर थाप मारली. म्हणला, सापडला चोर. ह्याला बी ब्लूटूथ, हेडफोनला बी ब्लूटूथ, दोन्ही एकमेकांच्या वाटेत यायलेत.

मालकांना ते मशीन म्हंजी जीव की प्राण. बैलाच्या गळ्यातली घंटी पुन्हा ऐकाया आली म्हणून पहिल्या दिवशी गोठ्यात जाऊन बसलेला माणूस. पण पप्पूचं बोलणं संपायच्या आत त्यांनी मशीन कानातनं काढलं, सुपारीच्या डबीत ठेवलं आन् डबी माझ्या हातात दिली. "सायलीचं काम संपलं की देत जा," म्हणले. मी डबी घेतली. तवा बी बोलले न्हाई.

त्या दिवसापासनं रोज दुपारी मालक बहिरे. ओट्यावर गल्लीतले तात्याबा आन् दुसरी म्हातारी माणसं गप्पा हाणायची, हे त्यांच्या तोंडाकडं बघत बसायचे. सगळे हसले की मागनं हसायचे. मी खिडकीतनं बघायची आन् माझं काळीज तुटायचं. लाज वाटायची, लई लाज वाटायची. पण जेवढे दिवस जास्त, तेवढं सांगणं अवघड. आता सांगितलं तर पहिला सवाल येणार, आधी काहून न्हाई सांगितलं.

मशीन काढलं तरी आवाज तुटतच होता. पण पप्पू म्हणायचा, घालू नका, घातलं तर अजून बिघडल. घटस्थापनेच्या आधी मॅडमचा निरोप आला, आज मी स्वतः तुझे फोन ऐकणार, आज जमलं न्हाई तर थांबू आपण. सायलीनं देवापुढं दिवा लावला आन् टेबलाशी बसली. शेजारच्या सावित्रीबाई वाती वळायला माझ्याकडं आलत्या. आम्ही दोघी उंबऱ्याच्या आत बसलो.

पहिले फोन झ्याक झाले. सायलीच्या तोंडावर जरा रंग आला. तेवढ्यात मालकांना तहान लागली. ऐकायला येत न्हाई, तरी रीत सुटली न्हाई त्यांची. दारात उभे राहून खाकरले, आन् स्वतःचाच आवाज कळत न्हाई म्हणून जोरात खाकरले. सायलीचा हात वर गेला. फोन कट.

मॅडमनी लगेच निरोप लिहिला, हा शेवटचा फोन देते. सायलीनं तो आम्हाला वाचून दाखवला, तिच्या आवाजात पाणी होतं. मालकांना ऐकू आलं न्हाई, पण तिचं तोंड बघून कळलं. ते तिथंच दारात थिजले. दोन्ही कान हातानं दाखवत म्हणले, "पोरी, मशीन न्हाई घातलेलं मी. बघ. तरी बी माझ्यामुळंच व्हायलंय का?" आन् सुनेपुढं हात जोडले त्यांनी.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सायलीनं फोन घेतला, "नमस्कार सर" म्हणली, आन् सासऱ्यानं हात जोडलेले बघून गडबडीनं घसरलेला पदर सावराया तिचा हात निघाला. मी उठले. वाती सांडल्या. तिचं मनगट धरलं आन् दुसऱ्या हातानं तिच्या डोक्यावरचा पदर ओढून खांद्यावर टाकला, मालकांच्या समोर, सावित्रीबाईंच्या समोर. सायली माझ्याकडं बघतच राहिली, पण तोंडानं बोलत राहिली. मी तिचं मनगट सोडलं न्हाई. फोन शेवटपर्यंत चालला. आवाज एकदा बी तुटला न्हाई.

मॅडमचं "छान" आलं. उद्यापासनं पक्की म्हणून. सायलीनं हेडफोन काढला, वाटीवर बोट ठेवून बघितलं आन् तिच्या ध्यानात आलं, तिथं बोट लागलं की फोन कट व्हायचा.

मालक माझ्या तोंडाकडं बघत होते. "काय केलंस? कशानं थांबलं?" म्हणले.

मी हळू आवाजात सांगू लागले, "पदर सावरताना बोट लागतंय." त्यांनी कानाला हात लावला. मी जरा मोठ्यानं सांगितलं. त्यांनी मान हलवली, ऐकाया न्हाई आलं म्हणून. डबी माझ्याच कमरेला होती, पण मशीन घालू देण्याइतका धीर मला निघाला न्हाई, झटकन सांगून मोकळं व्हायचं होतं. मी ओरडले, "पदरामुळं व्हायलं होतं. मशीनचा काय संबंध न्हाई."

ओट्यावरच्या गप्पा बंद झाल्या. सावित्रीबाई वाती वेचायचं नाटक करत होत्या.

"तुला कधी कळलं?" मालकांनी इचारलं.

खोटं बोलायला हळू आवाज लागतोय. ओरडून मला खोटं बोलता येईना. "पोळ्याच्या आदल्या दिवशी," मी ओरडले, आन् ते सगळ्या गल्लीनं ऐकलं.

मालकांनी माझ्या कमरेच्या डबीकडं बघितलं. मग म्हणले, "म्हंजी मशीन काढायच्या आधी."

मी डबी काढून त्यांच्यापुढं धरली. सायली बी म्हणली, मामा, घाला आता. तिच्या डोक्यावर पदर नव्हता, त्यांनी तिकडं ध्यान बी दिलं न्हाई. डबी घेतली, खिशात टाकली आन् म्हणले, "राहू दे जरा. आत्ताच काय ऐकू वाटंना."

चप्पल घातली आन् गोठ्याकडं निघाले. मी दारातनं हाका मारल्या, दोन-तीन वेळा, जोरात. त्यांनी मागं वळून बघितलं न्हाई.