सरस्वतीपुढची गिटार

मी गिटार बोलतेय, विजेवरची. मद्रासच्या तिरुवल्लिक्केणीत एका मराठी बिऱ्हाडाच्या पुढच्या खोलीत मी खिळ्याला टांगलेली असते. दुसऱ्यांच्या घरात डोकावू नये हे मलाही कळतं हो. पण मला टांगलंय तेच खिडकीसमोर. मी तरी काय करणार?

तुम्हाला वाटेल मी विलायतेची. छे! माझा जन्म तंजावरचा. तिथल्या एका म्हाताऱ्या वीणा करणाऱ्याकडं फणसाच्या लाकडाचा एक तुकडा उरला होता. या बिऱ्हाडातल्या राघोत्तमनं मासिकातलं गिटारचं चित्र त्याच्यापुढं धरलं.

"हिचा भोपळा कुठाय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"नसतो."

"पोटही पोकळ नाही? मग आवाज कुठून येणार?"

"विजेतून."

म्हातारा खूप हसला. पण मला घडवलं मात्र वीणेइतक्याच मायेनं.

राघोत्तम तेव्हा बावीस वर्षांचा. मद्रासच्याच गिंडी भागातल्या एका कारखान्यात दिवसभर कॉइली गुंडाळायचा. जेवणाच्या सुट्टीत केसासारख्या तारेचे हजारो वेढे देऊन त्यानं माझ्यासाठी एक कॉइल केली. फुटक्या स्पीकरचा लोहचुंबक बसवला आणि घरच्या रेडिओला मला मागून जोडलं. पहिला सूर काढला मात्र, शेजारच्या राजसबाई हातातलं पीठ झटकत धावत आल्या.

"अय्यय्यो! अंबुजाक्का, रेडिओ फुटला की काय?"

"रेडिओ नाही गं, माझं नशीब," राघोत्तमची आई अंबुजाबाई म्हणाल्या. त्या स्वतः उत्तम वीणा वाजवायच्या. त्यांच्या लेखी मी वाद्यच नव्हते. "किंचाळते नुसती! गमक नाही, काही नाही." चार वर्षं त्यांनी मला हात लावला नाही. झाडताना माझ्याखालची जागासुद्धा सोडून झाडायच्या.

राघोत्तम, ड्रमवाला गुरुमूर्ती आणि आणखी दोघं, असा त्यांचा बँड झाला. पेरांबूरला रेल्वेवाल्यांच्या हॉलात नाताळचे नाच, कॉलेजांची संमेलनं, एकदा तर एका सिनेमावाल्याच्या मुलीचं लग्न. रॉक ऐकून पोरं खुर्च्यांवर चढायची. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा गिंडीच्या बसमध्ये उभा. बोटांना एकीकडं माझ्या तारांचे घट्टे, दुसरीकडं कॉइलच्या तारेचे काप. दमायचा बिचारा. मीही दमायचे. माणसं एकाच अंगानं दोन जन्म का जगतात, मला कळलेलं नाही.

मग १९६६ उजाडलं. माउंट रोडवरच्या एका बड्या हॉटेलला रोज वाजवायला कायमचा बँड हवा होता. वाजवून दाखवायला बोलावलं ते नेमकं सरस्वतीपूजेच्या दिवशी, दुपारी चार वाजता. निवड झाली तर कारखाना सुटणार होता. राघोत्तमनं घरी अवाक्षर काढलं नाही. हॉटेलात वाजवायचं म्हटलं की आई चूल पेटवणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. ठरल्यावरच सांगू, म्हणाला.

त्या सकाळी तो कारखान्यातल्या यंत्रांच्या आयुधपूजेला गेला. इकडं अंबुजाबाईंनी पाट मांडला, पोथ्या ठेवल्या, आपली वीणा ठेवली. मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पुष्कळ वेळ उभ्या होत्या. शेवटी पदरानं माझी धूळ पुसली, मला खाली घेतलं आणि वीणेशेजारी निजवलं. चंदन लावलं, कुंकू लावलं. माझ्या तारांवर जाईची माळ ठेवली. राजसबाई दारातून म्हणाल्या, "हिलाही?"

"माझ्या लेकाचा सगळा जीव तिच्यातच आहे, तर सरस्वतीला ती नको कशी होईल?"

आता आमच्याकडची रीत तुम्हाला सांगायला हवी. त्या दिवशी पूजेला बसवलेलं वाद्य वाजवायचं नाही, हलवायचंही नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, सकाळी पुन्हा पूजा झाली की मगच उचलायचं.

अडीच वाजता राघोत्तम मला न्यायला आला आणि उंबऱ्यातच थबकला.

"बघ राघू," आई म्हणाल्या, "यंदा तुझीही बसली. चुकलंच माझं, इतकी वर्षं तिला बाहेर ठेवली."

खाली रिक्षात गुरुमूर्ती ओरडत होता. मग वैतागून वरच आला. राघोत्तमनं त्याला जिन्यावरच अडवलं. अंबुजाबाई आत स्वयंपाकघरात होत्या; मला मात्र सगळं ऐकू येत होतं.

"डेय, उचल तिला! सरस्वती काय पोलीस पाठवणार आहे?"

"आईनं बसवलीय रे."

"आईला सांग ना मग!"

"काय सांगू? चार वर्षांत आज पहिल्यांदा हात लावलाय तिनं."

"दुसरी गिटार कुठून आणू आता? उद्या ते कुणाला तरी घेऊन मोकळे होतील."

"होऊ देत," राघोत्तम म्हणाला. आवाज अगदी बारीक होता.

आत येऊन त्यानं हात जोडले, आईच्या हातून प्रसादाच्या हरभऱ्यांचं सुंडल घेतलं, खाल्लं. "मीठ बरोबर आहे का रे?" त्यांनी विचारलं. "बरोबर आहे," तो म्हणाला. चार वाजले तेव्हा तो माझ्यासमोर भिंतीला टेकून बसला होता.

हॉटेलनं दुसरा बँड घेतला. पुढं गुरुमूर्तीही त्यातच गेला. राघोत्तम वर्षभर इकडं तिकडं वाजवत राहिला, मग तेही थांबलं. आता तो कारखान्यात सुपरवायझर आहे. मला समुद्राच्या वाऱ्यानं गंज चढलाय, एक तार तुटलीय. कधी रविवारी तो मला मांडीवर घेतो, रेडिओला न जोडताच दोन बोटं फिरवतो आणि परत टांगतो. आम्ही दोघंही आता फार बोलत नाही.

परवा अंबुजाबाई राजसबाईंना सांगत होत्या, "तिला पूजेला बसवली आणि बघ, पोराची वणवण संपली. देवीनंच ऐकलं."

राजसबाईंनी त्या दिवशी जिन्यावरचा शब्द न् शब्द ऐकला होता. गल्लीतली कुठलीही गोष्ट त्यांच्या पोटात टिकत नाही. पण त्या नुसतं "हो हो" म्हणाल्या आणि वाती वळत राहिल्या.

तुम्हीही अंबुजाबाईंना काही सांगू नका. फक्त तुमच्या घरात कुणी असं काही वाजवत असेल, तर त्याचं वाद्य पाटावर ठेवण्याआधी एकदा विचारा, "बाळा, आज कुठं जायचंय का?"