तीनपासून सुरू होणारी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी, मोडकी लाकडी पट्टी आहे. माझ्यावर एक नाही, दोन नाही. मी थेट तीनपासून सुरू होते. पण कीव बिलकूल करू नका. माझं मोडणं एका माणसाला किती महागात पडलं, ते आधी ऐका.

मिरजगावजवळच्या आमच्या गावातल्या सहादेव सुताराने मला शाळेसाठी घडवलं. तापल्या सळईने बारा इंचांचे आकडे डागले. मोजायला घडवलं बरं का, मारायला नव्हे! पण चौथीचे रंगनाथ गुरुजी मला उचलत ते मारायलाच. गणित म्हणजे त्यांनी फळ्यावर लिहिलेली रीत. ती जशीच्या तशी उतरवली की पोरगं हुशार. मेलं असलं गणित!

बहात्तर सालच्या दुष्काळात एकदा त्यांनी पंचवीस गुणिले सोळा घातलं. यशयाची पोरगी सारा पाटीवर काही न लिहिताच म्हणाली, "चारशे."

"रीत कुठाय?"

"पंचवीस चोक शंभर. सोळात असे चार चोक हायेत. म्हंजी चार शंभर."

"मी असं शिकवलंय? हात पुढं कर!"

तिसऱ्या फटक्याला मी तीनच्या रेघेवर मोडले. उत्तर बरोबर होतं हो! तरी त्याच दिवशी गुरुजींनी तिच्या बापाला बोलावून सांगितलं, "पोरीला डोकं नाही. शाळेतून काढ, आईबरोबर खडी फोडायला जाऊ दे."

यशया हात जोडून म्हणाला, "तपासनी हुऊ द्या गुरुजी. सायब म्हनलं तर काढतो."

मी तेव्हाच डूख धरला.

नवी पट्टी मागायची तर जुनी कशी मोडली ते लिहावं लागणार. म्हणून गुरुजी मलाच चालवत राहिले. तपासणीचे साहेब आले, म्हणाले, "पाटीची रुंदी मोजून दाखवा." गुरुजींना मिरवायची भारी हौस. त्यांनी माझं मोडकं टोक पाटीच्या कडेला लावलं आणि वाचलं, "अकरा इंच!"

"नक्की?"

"पट्टीच सांगते, साहेब."

सांगते हं, थांब! मी मनात म्हटलं.

सारा उठली. "न्हाई सायब, आठ. पट्टी तीनपासनं हाय."

"मग टाकून द्यायची का ही?"

"कशापायी? कुठनंबी लावा. जिथनं लावली त्यो आकडा वजा करायचा." तिने मला सरकवलं. "आता चारापासनं बारापतूर. आठच."

साहेब हसले. "मोडली कशानं ही?"

साराने तळहात पुढे केला. "ह्याच्यावर. उत्तर बराबर आल्यालं, तवा."

साहेबांनी सगळं विचारून घेतलं आणि खडू गुरुजींच्या हातात दिला. "पंचवीस गुणिले सोळा. तिच्या रीतीनं करा."

गुरुजींनी आपली नेहमीची उभी मांडणी केली. "तिच्या रीतीनं म्हणालो मी." गुरुजींनी ती पुसली आणि पुन्हा तीच मांडली. चाळीस पोरं बघत होती. शेवटी साराच हळूच म्हणाली, "गुरुजी, आदी सोळाचं चार भाग करा की."

आहाहा! काय गोड वाटलं मला! साहेबांनी तिथंच यशयाला बोलावून बजावलं, "ही पाचवीत जाईल. खबरदार शाळा सोडवलीस तर."

मित्रांनो, साराने गुरुजींना माफ केलं. मी नाही केलं. म्हणून माझी विनंती नीट ऐका. उत्तर आलं की "कसं काढलंस?" एवढं एकमेकांना विचारत जा. आणि न विचारताच हात उगारणारा कुणी भेटला, तर त्याला माझ्याकडे पाठवा. माझे नऊ इंच अजून शाबूत आहेत.